सळईभोवतीचं हाड

पौर्णिमाच्या डाव्या मांडीत नऊ वर्षांपासून एक सळई होती, आणि आसेगावच्या वस्तीत त्या सळईला पौर्णिमापेक्षा जास्त मान होता. पाहुणे आले की बेबीताई लेकीची ओळख करून द्यायच्या आधी सळईची करून द्यायची. "नऊ वर्सं झाले, हालली नाई का डुलली नाई," असं ती कौतुकानं सांगायची, आणि पाहुणेही शेजारच्या वावरात बोअरला पाणी लागल्याची बातमी ऐकावी तसे माना डोलवत पौर्णिमाच्या मांडीकडे बघायचे. पौर्णिमा एकतीस वर्षांची होती. मंगरुळपीरला तहसीलजवळच्या सेवा केंद्रात दिवसभर लोकांचे दाखले काढून द्यायची. माणसाच्या एखाद्या अवयवाचं नाव माणसापेक्षा मोठं होऊ शकतं, हे तिनं कधीच मान्य करून टाकलं होतं.

डॉक्टर लोक तिला सळई म्हणत नाहीत. खुब्याचा सांधा बदलतात तेव्हा वर एक वाटी बसवतात, वाटीत गोळा, आणि गोळ्याखाली दांडा. हा दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळीत ठोकून पक्का करतात. पण वाटी आणि गोळ्याचं वस्तीला कौतुक वाटलं नाही. एक्स-रेत डोळ्यांत भरली ती पांढरीशुभ्र लांब सळई, आणि तेच नाव राहिलं.

ही वेळ आली ती रक्तामुळे. पौर्णिमाचा बाप पुंजाजी आणि बेबीताई, दोघांच्याही रक्तात सिकलसेलचा अर्धा अर्धा वाटा होता. अर्धा वाटा असणाऱ्याला काही होत नाही, म्हणून दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता, आणि लग्न जुळवताना साऱ्या चौकश्या झाल्या तरी रक्ताची कुणी केली नाही. दोन लेकरं झाली आणि दोघांच्याही वाट्याला आजार पुरा आला. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकून बसतात, आणि जिथं रक्त पोचत नाही तिथलं हाड मरतं. खुब्याचा गोळा बहुतेक वेळा यात सगळ्यांत आधी जातो. पौर्णिमाचा बाविसाव्या वर्षी गेला.

नागपूरला ऑपरेशन झालं. सुट्टी देताना डॉक्टरांनी सांगितलं होतं की तीन महिने या पायावर जपून भार द्या. बेबीताईनं त्यातलं "जपून" तेवढं पदरात बांधून घेतलं, "तीन महिने" नागपूरलाच राहिलं आणि "भार द्या" तर तिनं ऐकलंच नाही. घरी आल्यापासून तिनं लेकीला तळहाताच्या फोडासारखं जपलं. पाण्याचा गुंड उचलायचा नाही, पिठाचा डबा सरकवायचा नाही, उभं राहून पोळ्या लाटायच्या नाहीत. मांडी घालून बसायला आणि उकिडवं बसायला तर डॉक्टरांचीच मनाई होती, म्हणून एक लाल प्लास्टिकची खुर्ची घेतली गेली, आणि पौर्णिमा जाईल तिथं मागून खुर्ची येऊ लागली. लग्नात खुर्ची, मयतीत खुर्ची, काळीपिवळी जीपची वाट बघताना फाट्यावर खुर्ची. विहारात सगळी वस्ती सतरंजीवर हात जोडून बसलेली असायची आणि मागच्या भिंतीशी म्हाताऱ्या भागिरथाबाईच्या शेजारी पौर्णिमा खुर्चीवर.

पहिली दोन-तीन वर्षं ती चिडली, भांडली. एकदा रुसून दोन दिवस जेवली नाही. मग मात्र तिला त्याची सवय लागली. कुणी आपल्याला जपतंय याचा सुरुवातीला राग येतो आणि नंतर तेच अंगवळणी पडतं, हे तिलाही कळलं नाही. कुठंही उभी राहिली की ती उजव्या पायावर उभी राहायची, डावा पाय नुसता सोबतीला. जिना चढताना उजवा पुढं, उतरतानाही काहीतरी हिकमत करून उजव्यावरच. बगळ्यासारखी उभी राहते असं धाकटा भाऊ संघदीप चिडवायचा, आणि बेबीताई त्याला पाठीत धपाटा घालायची.

आता संघदीपचाही गोळा गेला होता. उजवा.

संघदीप चोवीस वर्षांचा. स्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुखण्याच्या कळा आल्या की चार-चार दिवस अंथरुणात गुरासारखा ओरडायचा, आणि पाचव्या दिवशी दुकान उघडून गिऱ्हाइकाला विचारायचा, "फोन पाण्यात पडला का पाणी फोनात?" गेल्या वर्षापासून तो लंगडत होता. नागपूरच्या हाडांच्या डॉक्टर मॅडमनी फोटो बघितले आणि सांधा बदलण्याला पर्याय नाही असं सांगितलं. एवढं घरच्यांना अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते पुढचं. मॅडम म्हणाल्या, दांडे दोन प्रकारचे आहेत, एक लांब, ताईंना बसवलाय तसा, आणि एक आखूड. कोणता बसवायचा ते ठरवण्याआधी मला ताईंच्या मांडीच्या हाडाची घनता मोजायची आहे. एकाच घरातलं, एकाच आजाराचं हाड आहे, नऊ वर्षांत त्याचं काय झालं ते बघू.

बेबीताईला याचा आनंदच झाला. तिच्या सळईची आता मोठ्या दवाखान्यात परीक्षा होणार होती, आणि निकालाबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

मशिनखाली पडायला फार वेळ लागला नाही. निकाल घ्यायला पौर्णिमा एकटीच आत गेली, कारण संघदीपला चहा हवा होता आणि बेबीताई त्याला एकट्याला रस्ता ओलांडू देणार नव्हती. मॅडमनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. मांडीच्या हाडाचं चित्र होतं, मध्ये दांडा, आणि हाडाचे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येकात आकडे.

"खाली, दांड्याच्या टोकाजवळ, हाड दणकट आहे," मॅडम म्हणाल्या. "वर मात्र विरळ झालंय. या इथं, आतल्या बाजूला, असायला हवं त्याच्या निम्म्याच्या आसपास उरलंय."

"म्हणजे सळई सैल झाली?"

"नाही. दांडा घट्ट आहे. हाड विरळ झालंय. दोन्ही खरं."

पौर्णिमाला ते कळेना. मग मॅडमनी समजावून सांगितलं. त्यांच्या बोलण्यात घाई नव्हती आणि गोडवाही नव्हता, आणि पौर्णिमाला ते बरं वाटलं. हाड जिवंत असतं, त्या म्हणाल्या. त्याच्यावर जेवढा भार येतो तेवढंच ते स्वतःला जाड ठेवतं. तुमच्या वेळचा हा दांडा लांब, आणि हाडापेक्षा कितीतरी ताठ. अंगाचा भार वरून येतो तो दांडा स्वतःवर घेतो आणि सरळ खाली नेऊन मांडीच्या मधल्या हाडाला देतो. वरच्या हाडाला काही कामच उरत नाही. काम नाही म्हटल्यावर शरीर तिथला चुना हळूहळू काढून घेतं.

"आणि आखूड?"

"आखूड दांडा वरच्याच भागात बसतो, म्हणून भारही वरच्याच हाडाला देतो. तिथलं हाड जास्त टिकतं. थोडं जातंच, पण कमी. दुसरी बाजूही ऐका. तो बसवायला अवघड आहे, सुरुवातीला खाली सरकण्याची भीती जरा जास्त, आणि तुमच्या आजारात तो तीस वर्षं कसा टिकतो हे अजून कुणीच पाहिलेलं नाही." त्यांनी पडदा पुन्हा स्वतःकडे वळवला. "पण तो चोवीस वर्षांचा आहे. एक सांधा त्याला जन्मभर पुरणार नाही. पुन्हा उघडावं लागेल, कदाचित दोनदा. तेव्हा सांधा नवा मिळेल. हाड नवं मिळणार नाही."

पौर्णिमा उठली. टेबलाला हात टेकून उजव्या पायावर उभी राहिली, आणि मॅडमची नजर खाली गेली.

"अशाच उभ्या राहता नेहमी?"

"हो."

"डाव्या पायावर भार का देत नाही?"

"घरी देऊ देत नाहीत," असं पौर्णिमा म्हणाली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. एकतीस वर्षांच्या बाईनं दुसरीतल्या पोरीसारखं आईचं नाव पुढं केलं होतं.

मॅडम हसल्या नाहीत. "हाड गेलंय त्यात दांड्याचा वाटा मोठा आहे," त्या म्हणाल्या. "पण भार न दिल्याचाही आहे. किती, ते मला नेमकं सांगता येणार नाही. उद्यापासून दोन्ही पायांवर उभं राहायला लागा. हळूहळू. आणि भावाचं घरी नीट बोला. आखूड दांडा बसवला तर दुसऱ्या दिवसापासून उभं राहायचं, चालायचं, दुखलं तरी चालायचं. तुमच्यासारखं त्यालाही कुणी बसवून ठेवणार असेल, तर मी उगाच धोका कशाला घेऊ? मग लांबच बसवते. पुढच्या आठवड्यात कळवा."

बाहेर टपरीवर बेबीताई कपाळावर हात ठेवून उन्हात उभी होती. लेक दिसताच दोन पावलं पुढं आली.

"काय म्हणे व डॉक्टरीण?"

"सळई घट्ट हाय म्हणे."

"मंग!" बेबीताईचा चेहरा असा उजळला की पौर्णिमाला पुढचं वाक्य बोलता आलं नाही. "मी सांगतलं होतं का नाई? ऐकलं का रे संघ्या? निरा घट्ट हाय!"

संघदीपनं बशीतला चहा ओढत अंगठा वर केला. पौर्णिमा खोटं बोलली नव्हती. निम्मं खरं बोलली होती. निम्मं खरं सांगणाऱ्याला खोटं बोलणाऱ्यापेक्षा जास्त त्रास होतो, कारण राहिलेलं निम्मं त्यालाच सांभाळत बसावं लागतं. परतताना जीप शेलूबाजारला समृद्धी महामार्गावरून उतरेपर्यंत बेबीताई संघदीपच्या डोक्याखाली आपला हात उशी करून बसली होती. हात मुंग्या येऊन सुन्न झाला तरी तिनं काढला नाही. पौर्णिमा खिडकीतून बाहेर बघत होती आणि मनात एकच हिशेब करत होती. सांगितलं तर माय मोडते, नाही सांगितलं तर संघ्याचं हाड जातं. सोनारानंच कान टोचलेले बरे म्हणतात, पण या सोनाराचं म्हणणं मायनं कधी ऐकलंच नसतं. नऊ वर्षांपूर्वीही ऐकलं नव्हतंच.

आता इथं वस्तीची एक रीत सांगायला हवी. पौर्णिमाच्या ऑपरेशनला रक्त लागलं होतं तेव्हा वस्तीतली पोरं जीप भरून नागपूरला रक्तपेढीत गेली होती. तेव्हापासून कुणालाही लागलं तरी पोरं जातात, आणि या दोन भावंडांना तर सारखंच लागायचं. पुढं पुढं शाळेतला मास्तर धम्मरत्न थट्टेनं म्हणायला लागला, "माह्यं रक्त तुह्या अंगात फिरून राह्यलं, मंग मले न विचारता कसं ठरवता?" थट्टेची रीत झाली. ज्यानं रक्त दिलं त्याला त्या घरच्या गोष्टीत बोलायचा हक्क. संघदीपनं दुकानाचं नाव काय ठेवावं यावर विहारात तासभर चर्चा झाली होती, आणि एकदा त्यानं मिशी काढली तेव्हा दोन रक्तदाते खरोखर रागावले होते. सांधा कोणता बसवायचा हा प्रश्न घरात सुटेल अशी आशाच नव्हती. शिवाय या वेळीही ऑपरेशनआधी रक्त बदलावं लागणार होतं, म्हणजे मतं भरपूर.

रविवारी वंदना झाली. त्रिशरण, पंचशील, तीनदा साधु म्हणून झालं, आणि लोकांनी उठण्याऐवजी पाय मोकळे केले. संघदीप भिंतीला टेकून पाय लांब करून बसला होता. धम्मरत्ननं दोन्ही दांड्यांचं वर्णन केलं. मोबाइलवर चित्रं दाखवली. मोबाइल हातोहात फिरला.

पुंजाजी सहसा बोलत नसे. तीन एकर वावराचा मालक, आणि गावात काटेरी तारेचं कुंपण घालायचं तर लोक त्यालाच बोलवायचे. आज मात्र तो बोलला, कारण विषय त्याच्या हातातला होता.

"खांब जेवळा खोल तेवळा पक्का," तो म्हणाला. "हातभर गाडला तं बकरी बी पाडते. दोन हात गाडा, बैल भिडला तरी हालत नाई. मले तं हे आखूड पाह्यलं का हसू येते."

माना हलल्या. सगळ्यांनी आयुष्यात खांब गाडले होते.

"अन् हातच्या कांकणाले आरसा कायले?" भागिरथाबाई म्हणाली आणि शेजारच्या खुर्चीकडे हात केला. "हे काय, पौर्णिमा बसली हाय. नऊ वर्सं झाले. हे सबूत हाय का नाई?"

सगळं विहार वळून पौर्णिमाकडे बघायला लागलं. बेबीताई अभिमानानं बघत होती. संघदीप हसत म्हणाला, "ठरलं मंग. ताईसारखीच टाका. ताईले काई झालं का?"

ज्या प्रश्नाचं उत्तर एकट्या आपल्यालाच माहीत आहे तो प्रश्न कुणी चारचौघांत सहज विचारला की माणसाला पळून जावंसं वाटतं. पौर्णिमाला तसं वाटलं. पण खुर्चीवरून पळता येत नाही. आणि संघदीप तिच्याकडे अगदी बिनधास्त बघत होता, लहानपणी कळा यायच्या तेव्हा तिचा हात धरून बघायचा तसाच. तिला त्याची फार माया आली, आणि मग स्वतःचा राग आला.

"झालं हाय," ती म्हणाली.

"काय झालं?"

"माह्यं वरचं हाड पातळ झालं. निम्मं गेलं. डॉक्टरीण मले त्या दिवशीच बोलली. मी सांगतलं नाई."

मोबाइल ज्याच्या हातात होता त्यानं तो उलटा करून सतरंजीवर ठेवला.

"सळई घट्ट हाय म्हणे ना पण?" पुंजाजी म्हणाला.

"घट्टच हाय, बाबा. ते एवढी घट्ट हाय का सगळा भार तेच घेते." पौर्णिमानं शब्द शोधले. मॅडमचे शब्द इथं चालणार नव्हते. "जोडीतला एक बैल लय दांडगा असला, तं जुवाचा सगळा ओढा तोच घेते. दुसरा निरा सोबत चालते. वर्सभर असं चाललं तं त्या दुसऱ्याचं काय होते?"

पुंजाजीला ते ठाऊक होतं. त्याच्याकडं अशी जोडी होती. दुसऱ्या बैलाची मान मऊ पडली होती आणि पुढच्या वर्षी तो वखरालाही चालला नव्हता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"आखूड जे हाय, ते दोघायलेही ओढाले लावते," पौर्णिमा म्हणाली. "संघ्याले अजून दोनदा तरी उघडा लागन. मंग तवा सळई ठोकाले हाड पाह्यजे ना? मी नऊ वर्सं मजेत बसली, ते दिसते तुमाले. मले पुढच्या टायमाले काय होईन, ते कोठी दिसते?"

धम्मरत्ननं एक-दोन शहाणपणाचे प्रश्न विचारले, धोका किती, खर्चाचं काय, योजनेत बसतं का. तिनं माहीत होतं तेवढं सांगितलं आणि धोका लपवला नाही, दुसऱ्याच दिवसापासून भार देऊन चालायची अटही नाही. बोलणं आता दांड्यांकडून ऑपरेशनच्या तारखेकडे वळू लागलं होतं. एवढ्यात बेबीताई उठून उभी राहिली.

"पुनी," ती म्हणाली. "मी तुले भार देऊ देला नाई म्हून झालं का?"

प्रश्न सरळ होता. नाही म्हणायची सोय होती, आणि ते अगदी खोटंही झालं नसतं. दांड्याचा वाटा मोठा होता. नाही म्हटलं असतं तर विहारातल्या प्रत्येक बाईनं सुटकेचा श्वास सोडला असता, कारण त्या सगळ्याच आया होत्या. पौर्णिमा ते म्हणणारही होती. मग तिच्या डोळ्यांसमोर जीपमधला तो हात आला, संघदीपच्या डोक्याखाली सुन्न होऊन पडलेला. आज नाही म्हटलं की हाच हात उद्या त्याच्या पायाखाली जाणार होता. आखूड दांडा बसवूनही तो पाय जमिनीला लागणार नव्हता.

"सळईनं जास्त झालं," ती म्हणाली. "पण तुह्यानं बी झालं, माय. माह्यानं बी झालं, मी उभीच राह्यली नाई."

बेबीताईनं पदर नीट केला आणि विहाराबाहेर गेली. अति तिथं माती असं कुणीतरी पुटपुटलं, आणि भागिरथाबाईनं त्याला असं झापलं की त्यानं पुन्हा तोंड उघडलं नाही.

संघदीपनं आखूड घ्यायचं ठरवलं. वस्तीनं मान डोलावली, नऊ पोरांनी रक्तासाठी नावं दिली. घरात मात्र नागपूरला जाईपर्यंत बेबीताई पौर्णिमाशी जेवायला वाढण्यापुरतंच बोलली. ती रागावली आहे की रडते आहे हे पौर्णिमाला कळत नव्हतं, आणि विचारायची हिंमत होत नव्हती. आपण बरोबर केलं याची तिला खात्री होती. खात्री असूनही ती रोज अर्ध्या भाकरीवरून उठायची.

ऑपरेशन नीट झालं. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या की दांडा छान बसला, हाडही वाटलं होतं त्यापेक्षा चांगलं निघालं, आता पुढचं त्याच्या हातात. पुढचं दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. व्यायाम शिकवणारा एक उंच माणूस चौकटीचा वॉकर घेऊन आला आणि म्हणाला, "चला हिरो, उठा."

संघदीपनं पलंगावरून पाय खाली सोडले. तिथवर तो विनोद करत होता. वॉकरला धरून उठायला लागला आणि उजव्या पायावर पहिला भार आला, तसा त्याच्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. तो पुन्हा मटकन खाली बसला. चेहरा पांढरा पडला होता.

"पुन्हा," तो माणूस म्हणाला.

"नाई होत. माय! नाई होत व मले!"

बेबीताई पलंगाच्या उशापाशी होती. पौर्णिमानं तिच्याकडे बघितलं. तिचे दोन्ही हात पुढं आले होते, त्याच्या काखेत घालायला, त्याला उचलून पुन्हा निजवायला. चोवीस वर्षं ते हात त्या आवाजाला असेच धावले होते. ते तसेच हवेत थांबले. संघदीप तिच्याकडे बघत होता. मग बेबीताईनं हात मागं घेतले, त्याच्याकडे पाठ केली आणि वॉर्डाबाहेर निघून गेली. पोरगा मागून "माय, माय" ओरडत होता, तरी ती थांबली नाही.

"आता उचलायला कुणी नाही," तो माणूस शांतपणे म्हणाला. "उठा."

संघदीप रडत होता. पौर्णिमानं त्याला हात लावला नाही. नुसती समोर उभी राहिली आणि म्हणाली, "संघ्या, दुखन. ऊठ." तो तिला एक घाण शिवी देऊन उठला. वॉकरवर पुरा वाकला, थरथरला, आणि मग हळूहळू सरळ झाला. दोन्ही पाय जमिनीवर होते.

पौर्णिमा बाहेर आली. लांब व्हरांड्यात गर्दी होती, स्ट्रेचर जात होते, एक म्हातारा भिंतीशी बसून केळं खात होता. बेबीताई खिडकीच्या गजांना धरून उभी होती. दोन्ही कानांवर पदर गच्च गुंडाळलेला.

पौर्णिमानं तिच्या कानावरचा पदर हलकेच बाजूला केला.

"उभा राह्यला का?" बेबीताईनं मागं न वळता विचारलं.

"राह्यला."

"दोनी पायांवर?"

"दोनी पायांवर."

"मंग मी आता आत नाई येत. मले पाह्यलं का बसन तो."

एवढं बोलली आणि तिचा तोल गेला. दोन दिवस तिनं काही खाल्लं नव्हतं, झोपली नव्हती. पौर्णिमानं तिला डाव्या हातानं कमरेशी धरलं आणि बेबीताई तिच्या अंगावर कलली. डाव्या बाजूला. आईचं वजन पौर्णिमाच्या डाव्या खांद्यावरून कमरेत आणि कमरेतून खुब्यात उतरलं. मांडीच्या वरच्या भागात, आतल्या बाजूला, एक जुनी अनोळखी कळ उठली. तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला, आणि बेबीताईनं तो ऐकला.

"दुखते का व?"

"हाव."

"सरकू का?"

"नको सरकू."

बेबीताईनं लेकीच्या तोंडाकडे बघितलं. मग खिडकीचे गज सोडले आणि उरलेला भारही तिच्यावर टाकला.